चियारकालाच्या राखणीचे शिंग

मित्रांनो, चियारकाला गावाच्या सभाघरात कधी आलात तर दाराच्या वर, खुंटीला टांगलेला मी तुम्हाला दिसेन. मी एका तांबड्या बैलाचे डाव्या बाजूचे शिंग. आता पुष्कळ जुना झालो आहे. किती जणांनी मला हातात धरले याची गणती नाही, त्यामुळे बोटांच्या जागी माझ्या अंगावर खळगे पडले आहेत.

बैल जिवंत होता तेव्हा मला काही कामच नव्हते. तो नांगर ओढायचा आणि मी त्याच्या डोक्यावर बसून इकडेतिकडे बघायचो. आमचे पठार फार उंच आणि उघडे. झाड म्हणावे असे एकही नाही, नुसती गुडघाभर झुडपे आणि वारा. मावळतीला पांढऱ्या टोकाचा एक डोंगर आहे, त्याला सगळा गाव आजोबा म्हणतो. अशा जागी बटाटा पिकतो, थोडे सातू पिकतात, आणि पिकतो किनवा. मोहरीएवढे दाणे, पण पिकायला लागला की शेताच्या शेत लाल, पिवळे, जांभळे होऊन जाते. तो रंग बघून माझ्या बैलालासुद्धा क्षणभर थांबावेसे वाटायचे.

एका कोरड्या वर्षी चारा संपला आणि बैल गेला. त्याचा धनी इलारियोन तेव्हा तरुण होता. बैलाचे कातडे विकले, मांस वाळवले, पण शिंगे विकायला त्याचे मन होईना. त्याने मला राखेच्या पाण्यात उकळले, दगडाने घासून साफ केले, टोक कापले आणि तापलेल्या लोखंडी सळीने भोक पाडले. पहिल्यांदा फुंकले तेव्हा माझ्यातून असा आवाज निघाला की त्याची आई चुलीपासून ओरडली, "गाढव आजारी पडलं का रे?"

पण इलारियोन चिकाटीचा माणूस. फुंकता फुंकता तो शिकला आणि मीही शिकलो. मग त्याने मला गावाच्या स्वाधीन केले, राखणीसाठी.

राखण म्हणजे काय ते सांगतो. आमच्याकडे दर वर्षी एका घराकडे पिकांची राखण येते. राखायचे ते चोरांपासूनच, पण हे चोर आभाळातून येतात. गारा, थंडीचा कडाका आणि वारा हे तिघे भाऊ आहेत आणि तिघांनाही आयते खायची सवय आहे, असे आमची माणसे मानतात. राखणदाराने टेकडीवरच्या दगडी खोपटात राहायचे आणि आभाळावर नजर ठेवायची. पांढऱ्या पोटाचा ढग आला की ओल्या झुडपांचा धूर करायचा आणि मला ढगाच्या तोंडावर लांबच लांब फुंकायचे. ढग दुसरीकडे वळला तर राखणदाराला मान. गारा पडल्या तर सारा गाव त्याच्या दारात, आणि तोंडात शिव्या.

ढग माझ्या आवाजाला भ्यायचे का? खरे सांगतो, मला माहीत नाही. कधी वळले, कधी नाही वळले. पण फुंकणाऱ्या माणसाची छाती माझ्यात रिकामी व्हायची, हे मात्र मला माहीत आहे. असे कितीतरी राखणदार मी पाहिले. शेकोटीशी कुडकुडत बसलेले, झोप उडवणारी कोकाची पाने चघळत डोळ्यांत तेल घालून जागे राहिलेले. पीक सुखरूप घरी आले की माझ्या गळ्यात फुलांच्या माळा पडायच्या, माझ्यावर चिचाचा, मक्याच्या आंबवलेल्या दारूचा, शिडकावा व्हायचा. मी ऐटीत असायचो.

मग गावात फटाक्यांचे बाण आले. पेटवले की सूं करून वर जायचे आणि ढगाच्या पोटात फुटायचे. लोकांना ते फार आवडले. गाल फुगवून जीव काढण्यापेक्षा काडी ओढणे केव्हाही सोपे. मला सभाघरात टांगून ठेवले ते तसेच. माझ्या पोटात कोळ्याने जाळे विणले. सभेत माणसे भांडायची, हसायची, आणि मी वरून बघायचो. माझ्याकडे कुणी बघत नसे. याचे मला वाईट वाटले नाही असे म्हणालो तर ते खोटे होईल.

पुढे लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बाण आणायला कुणाकडे काही उरले नाही. गावातले पुरुष कामासाठी सरहद्दीपलीकडच्या फळबागांत जाऊ लागले. तिसऱ्या वर्षी राखणीची पाळी फेर्मिनच्या घरी आली, आणि फेर्मिन तर तिकडे कामाला गेलेला. घरात त्याची बायको नेमेसिया आणि म्हातारी आई सातुर्ना.

सभेत कुजबुज सुरू झाली. वेनान्सियो नावाचा एक शेतकरी होता. गावातले सगळ्यांत मोठे शेत त्याचे, आणि आवाजही सगळ्यांत मोठा. तो उठला आणि म्हणाला, "फेर्मिन येईपर्यंत पाळी पुढच्या घराला द्या. बाईमाणसाने शिंग फुंकलेलं मी तरी ऐकलं नाही."

नेमेसिया मागे भिंतीला टेकून लोकर कातत बसली होती. चाती न थांबवता ती म्हणाली, "तात वेनान्सियो, ढग खाली उतरून मिशा बघतो का?"

सभाघर हसले. वेनान्सियो हसला नाही.

"चेष्टा नाही, नेमेसिया. गारा पडल्या तर?"

"तर या माझ्या दारात. घर तुम्हाला ठाऊकच आहे."

म्हातारी सातुर्ना शेजाऱ्याच्या कानात पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, "माझा मुलगा गरीब गाय. राखण हिलाच जमेल. हिला बघून मीच वळून जाते, ढगांचं काय!"

तेव्हा इलारियोन उठला. तो आता काठीशिवाय चालत नसे. त्याने मला खुंटीवरून काढायला लावले, कोळ्याला हळूच बाहेर काढले, आणि मला नेमेसियाच्या हातात दिले. "गालाने फुंकू नकोस, पोरी," एवढेच तो म्हणाला. "पोटातून फुंक."

मित्रांनो, त्या वर्षी मला तिच्यासारखी धनीण मिळाली याचा मला आजही अभिमान आहे. ती टेकडीवर राहायला गेली. दिवसा खाली उतरून लांब मानेच्या, लोकरीच्या लामा चारायच्या, सासूला पाणी आणून द्यायचे, शेत बघायचे, आणि ढग दिसला की धावत वर. तिच्या ओठांना फोड आले, तरी ती मला फुंकायला शिकली.

पण गारांचे सोडाच, ढगच येईना. पेरणी होऊन गेली होती. वाळूत हातभर खोल खड्डे करून ओलीपर्यंत बी पोचवलेले, तेही उगवून करपले. पाणी देणारे महिने कोरडे जाऊ लागले. एके दिवशी वाटेत वेनान्सियो भेटला.

"काय नेमेसिया, फार जोरात फुंकलंस वाटतं. गारांचे ढग पळाले ते पळाले, पाण्याचेही पळाले!"

हे तिला लागले. मी तिच्या कमरेला होतो, तिचा श्वास अडकलेला मला कळला. पण ती एवढेच म्हणाली, "परत बोलवायचं कसं तेही शिकते, तात."

गावाने पाऊस बोलावण्यासाठी डबक्यातले बेडूक मडक्यात भरून आजोबा डोंगरावर नेले. बेडूक तहानेने ओरडतात, त्यांची दया येऊन पाऊस पडतो, अशी आमची रीत. मला वाजवत नेमेसिया पुढे चालली होती. मागून सातुर्ना धापा टाकत म्हणाली, "बेडकांचा घसा सुकला तर सांगा, पुढचं मी ओरडते." त्या चढणीवर, त्या उन्हात, रडकुंडीला आलेली माणसे हसली. मला ही माणसे कळत नाहीत, मित्रांनो. घरातले बी संपत आलेले, हौद आटलेले, आणि ही मडक्यातल्या बेडकाला सावली धरतात.

पाऊस आला, पण फार उशिरा. तेव्हा कुणी कपाळाला हात लावून बसले नाही. लवकर पिकणारे, बुटक्या ताटाचे बी ज्याच्या घरी ओंजळभर होते त्याने ते बाहेर काढले. ज्याच्याकडे नव्हते त्याला दिले. सारी शेते दुसऱ्यांदा पेरली गेली. वाऱ्याने वाळू उडवून कोवळी रोपे गाडली, तर माणसांनी गुडघ्यावर बसून, बोटांनी एकेक रोप उकरून मोकळे केले. रोप उकरून झाले की नेमेसिया त्याच्या वाऱ्याच्या बाजूला एक दगड ठेवायची. तिच्या शेतात रोपांइतकेच दगड दिसू लागले.

आणि पीक आले! बुटके, पण आले. ईस्टरच्या सुमाराला कणसे लाल झाली. इतर वर्षी तोवर कापणी सुरू झालेली असते आणि राखणदार खाली उतरलेला असतो. या वर्षी दाणा अजून थोडा ओला होता, चिमटीत दाबला की मऊ लागायचा. आणखी आठवडाभर ऊन हवे होते.

"उतर आता खाली," लोक नेमेसियाला म्हणाले. "गारांचे दिवस संपले."

"पावसाने दिवस पाळले का या वर्षी?" ती म्हणाली आणि वरच राहिली.

ईस्टरच्या रविवारी देवळासमोर सण होता. शेजारच्या गावाहून वाजंत्री आले होते, मोठमोठी पितळी वाद्ये आणि ढोल घेऊन. परातींमध्ये उकडलेले बटाटे, लामाचे मटण, चीज. बायकांनी ठेवणीतले घेरदार झगे घातले होते. गाणे टेकडीपर्यंत ऐकू येत होते. नेमेसियाने पायाने ताल धरला होता. मग एकाएकी तिचा पाय थांबला.

आजोबा डोंगराच्या खांद्यावरून ढग उतरत होता. वरून निळाकाळा, आणि पोट राखाडी-पांढरे, मेंढीच्या कच्च्या लोकरीसारखे. थंड वाऱ्याची एक झुळूक आली. खाली चरणाऱ्या लामा एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या.

तिने ओली झुडपे पेटवली. धूर उठला आणि वाऱ्याने जमिनीवरच लोळवला. तिने मला ढगाकडे रोखून फुंकले, पुन्हा फुंकले. ढग येतच राहिला. तिने मला तोंडापासून खाली घेतले. ती एकदा ढगाकडे बघे, एकदा शेतांकडे. कणसे गारांनी झोडपली की दाणे मातीत सांडतात आणि वेचता येत नाहीत. हातातोंडाशी आलेला घास, तोही दुसऱ्या पेरणीचा. तिसरी पेरणी कुठून करायची?

मग तिने ढगाकडे पाठ केली.

मला गावाच्या दिशेने धरून तिने आखूड आखूड फुंकले. ती ढगाला पळवायची लांब हाक नव्हती. ती माणसांना बोलवायची हाक होती, घराला आग लागली किंवा कुणी विहिरीत पडले म्हणजे देतात ती. राखणदाराने तसे कधीच करायचे नसते. मी तिच्या हातात वाजत होतो आणि मला भीती वाटत होती.

वाजंत्री थांबले. माणसे धावत सुटली. सगळ्यांत पुढे वेनान्सियो, हातात अजून मटणाचा तुकडा.

"काय झालं? कोण मेलं?"

"अजून कुणी नाही," नेमेसिया म्हणाली. "ढग बघा. पीक आत्ता काढायचं, सगळ्यांनी, आणि झाकायचं."

"कच्चं?" वेनान्सियो ओरडला. "आठवडाभर राहिलं असताना? दाणे सुकून धूळ होतील! आणि ढग तिकडेच गेला तर? पिकाचा सत्यानाश तू केलास म्हणून तुला गावात राहू देतील का?"

हे खोटे नव्हते. ढग दूर होता अजून, आणि ढग कितीदा तरी वळतात. इलारियोनसुद्धा काठीवर हात ठेवून आभाळाकडे बघत राहिला.

नेमेसियाने मला पाठीवर बांधले, झग्याचा घेर कमरेत खोचला आणि आपल्या शेतात शिरली. "माझं आधी उपटते," ती म्हणाली. "ढग वळला तर मला हसा." आणि ताटे उपटू लागली. दोन्ही हातांनी, मुळासकट.

सातुर्ना तिच्यामागे गेली. "पोरी, मला वाकता येत नाही, तू उपट, मी रचते." मग शेजारीण गेली. मग त्या शेजारणीचा भाऊ. एकेक करून माणसे आपापल्या शेतांकडे पळाली, आणि ज्यांचे शेत नव्हते ते वाजंत्री आपली पितळी वाद्ये देवळाच्या पायरीवर ठेवून, ज्याचे शेत जवळ दिसले त्यात शिरले. ठेवणीतले झगे, सणाचे जाकीट, डोक्यावरच्या गोल टोप्या, सगळे धुळीत. कुणी कुणाला सांगत नव्हते, तरी काम वाटले जात होते. गंजी रचली की तिच्यावर पाठीवरची रंगीत चादर, तिच्यावर दगड. चादरी संपल्या तेव्हा देवळातली जाजमे आली, जेवणाच्या परातींखालची कापडे आली, ढोलांची खोळही आली.

वेनान्सियो मात्र बांधावर उभा. त्याचे मोठे शेत लाल, देखणे, वाऱ्यावर डुलत होते. त्याला ते मोडवेना. त्याची मला कीव आली, मित्रांनो. तो वाईट माणूस नव्हता. त्याने तेच शेत दोनदा पेरले होते.

पहिली गार त्याच्या टोपीवर पडली.

त्याने हात घातला तोवर फार उशीर झाला होता. तेवढ्यात त्याच्या शेजारी कुणीतरी ताटे उपटताना त्याला दिसले. नेमेसिया होती. डोक्यावर तिने चहाची किटली उपडी घातली होती आणि गारा तिच्यावर टणाटण वाजत होत्या. तिच्यामागे आणखी माणसे, डोक्यावर पातेली, टोपल्या, एकाच्या डोक्यावर तर चक्क वाजंत्र्यांची झांज. आपापले झाकून ती सगळी वेनान्सियोच्या शेतात आली होती.

"जा! डोकी फुटतील तुमची!" तो ओरडला.

"ओरडू नका, उपटा!" नेमेसिया म्हणाली.

तेव्हाच बटाट्याएवढी एक गार माझ्यावर आदळली आणि मी काठापासून मध्यापर्यंत चिरलो. मी तिच्या पाठीवर नसतो तर ती गार तिच्या मणक्यावर बसली असती. माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेल्या कामांत मला हे काम सगळ्यांत जास्त आवडते.

गारा थांबल्या तेव्हा सारे पठार पांढरे झाले होते. वेनान्सियोचे अर्धे शेत मातीत मिसळले होते. गावातली बाकीही काही शेते गेली, जिथे हात पोचले नव्हते ती. पण गंज्या उभ्या होत्या. रंगीत चादरी भिजून त्यांना चिकटल्या होत्या. माणसे त्यांच्याकडे बघत दमून उभी होती. एक बाई रडत होती आणि तिच्या शेजारची तिच्या केसांतल्या गारा वेचून तोंडात टाकत होती. "खाऊ दे," ती म्हणाली, "आपलं खायला आल्या होत्या, आता आपण त्यांना खाऊ."

सगळे वाचले असे मी सांगणार नाही. कच्चे काढलेले काही दाणे काळे पडले, काही हलके भरले. पण उन्हात पसरून, रोज उलटून पालटून, लोकांनी त्यातून वर्षाचे खाणे आणि पुढचे बी काढले. वेनान्सियोच्या खळ्यावर प्रत्येक घराने आपापल्या वाटणीतले थोडे नेऊन ओतले. तो नको नको म्हणत होता, आणि सातुर्ना म्हणाली, "नको म्हणताना पोत्याचं तोंड तरी बंद कर!"

वर्ष संपले. राखणदाराने मला परत करायचा दिवस आला. त्या दिवशी गाव त्याला बोल लावतो किंवा मान देतो. फेर्मिन तोवर परत आला होता, बायकोच्या शेजारी अवघडून बसला होता. वेनान्सियो उठला.

"हिने रीत मोडली," तो म्हणाला. "शिंग ढगाकडे फुंकायचं, हिने आपल्याकडे फुंकलं." तो थांबला. त्याचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "पुढच्या वर्षीही राखण हिलाच द्या."

नेमेसिया उठली आणि मला घेऊन त्याच्यासमोर आली. इलारियोनने माझी भेग ओल्या चामड्याच्या वादीने आवळून बांधली होती, ती सुकून घट्ट बसली होती.

"मला नको, तात," ती म्हणाली. "पुढची पाळी तुमच्या घराची आहे. तिथं वर थंडी फार असते. जाड कांबळं न्या."

आणि तिने मला त्याच्या हातांत ठेवले. त्याने मला दोन्ही हातांनी, अगदी अलगद घेतले, तान्ह्या मुलाला घेतात तसे.

तेव्हापासून माझा आवाज घोगरा आहे. बाण पुन्हा आले आहेत, ते त्यांचे काम करतात, पण राखणदार मलाही कमरेला बांधून नेतो. सणाला मला हार घालतात तेव्हा मी ओशाळतो. मी तर पोकळ. कुणीतरी माझ्यात आपला जीव ओततो म्हणून मी वाजतो, आणि कुणीतरी हातातला घास टाकून धावत येतो म्हणून माझ्या वाजण्याचा काही उपयोग होतो. मित्रांनो, तुमच्या ताटातला दाणा कुठूनही आलेला असो, त्याच्यासाठी कुणीतरी आभाळाकडे बघत बसले होते. त्या माणसाला एकट्याला बसू देऊ नका. त्याची हाक आली तर ढग खरेच येणार का, असे विचारत उभे राहू नका. आधी या.